पृथ्वी 'आईच' कशी? गेबला विसरलात वाटतं

रावपुरेकर
सुमाताईंनी पोस्ट टाकलीय, 'जगातल्या एकूण एक संस्कृतींत पृथ्वी ही माताच.' वाचून हातातला चहा निवला. एकूण एक? मग इजिप्तचा भूमिदेव गेब कोण, मावशी? पुरुष आहे तो. तो खाली आडवा, वर कमानीसारखी वाकलेली आकाशदेवी नूत, आणि दोघांना वेगळं धरून मधे उभा वायुदेव शू. कमाटीबागेच्या म्युझियममधली ममी अख्ख्या बडोद्यानं पाहिलीय, पण तिच्या देशातली जमीन 'तो' होती हे कुणाच्या गावी नाही.

सुमाताई
एक अपवाद सापडला की लगेच उड्या! ग्रीकांची गाया, अँडीजची पाचामामा, नॉर्स देव थोर याची आई योर्ड, न्यूझीलंडच्या माओरींची पापा. आणि 'माता भूमिः पुत्रो अहं पृथिव्याः' हे अथर्ववेदातलं, माझं नव्हे.

रावपुरेकर
माओरींचंच घ्या की. तिथेही आभाळ-धरणीला मिठीतून सोडवावं लागलं, फक्त आभाळ बाप. पाऊस वरून येतो तिथे बाप वर. इजिप्तात पाऊस कितीसा? पाणी यायचं नाईलच्या पुरानं, खालून.

खोडरबर
छान रचलंत. त्यांच्या भाषेत जमिनीचा शब्द पुल्लिंगी आणि आकाशाचा स्त्रीलिंगी, एवढं सरळ कारण पुरत नाही का? आपल्याकडे जमीन ती, शेत ते, प्लॉट तो. काढा देव!

विश्वामित्रीकाठ
प्लॉटवरून आठवलं. आमच्या बिल्डरनं भूमिपूजन असं केलं की मांडव, सनई, पेढे, काही म्हणता काही कमी नाही. मागचा नाला मात्र गुपचूप बुजवला. 2024 च्या ऑगस्टात नदी थेट पार्किंगमध्ये. कंबरभर पाणी, दोन दिवस लाइट नाही, आणि सासूबाई चौथ्या मजल्यावर इन्सुलिनचा बर्फ शोधतायत. धरणीमाता म्हणे!

सुमाताई
नाला बुजवला बिल्डरनं, खापर देवीवर? माझी आजी अंथरुणातून पाय टेकण्याआधी रोज 'पादस्पर्शं क्षमस्व मे' म्हणायची.

विश्वामित्रीकाठ
म्हणजे क्षमा मागायची आणि पाय ठेवायचाच! आई म्हटलं की सोसणार हे गृहीत. त्यापेक्षा अझ्टेकांची धरणी त्लाल्तेकुत्ली बरी. मेक्सिको सिटीत 2006 साली तिची अवाढव्य शिळा निघाली. ती पिकं देते, पण बदल्यात रक्त मागते. तिच्या राज्यात नाला बुजवून दाखवा.

खोडरबर
नावाचा अर्थ 'भूमीचा स्वामी', त्या शिळेवर मात्र बाई. घ्या, अर्धी अर्धी वाटून घ्या.

गेंडीगेट
नाल्याचं पुढे काय झालं? आमच्याकडेही तेच. पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटसाठी गुरुजींनी भूमिपूजनाची दक्षिणा घेतली. भूमी कुठली? खालच्या चार मजल्यांनी वर्गणी दिली असती तर गोष्ट वेगळी.

सुमाताई
तुम्ही वास्तुशांत केली असणार, भूमिपूजन नव्हे. आधी नावं तरी नीट शिका.

गेंडीगेट
पावतीवर लिहिलंय! फोटो टाकू?

रावपुरेकर
पावती राहू द्या. सुमाताई, गेबचं काय?

सुमाताई
बरं बाबा, 'एकूण एक' खोडून 'बहुतेक' करते. आणि पोस्ट माझी नव्हतीच, भाच्यानं फॉरवर्ड केली होती. त्याच्याशी भांडा.