मदत हवी आहे – युरोपियन युनियनचे पर्यावरण नियम आणि माँटेनेग्रो

नमस्कार मंडळी, एमएच्या प्रबंधासाठी माँटेनेग्रोवर लिहितेय. या देशाला युरोपियन युनियनमध्ये जायचंय, त्यासाठीच्या सदस्यत्वाच्या वाटाघाटींमधलं पर्यावरण आणि हवामानाचं २७ नंबरचं प्रकरण (चॅप्टर) डिसेंबर २०१८ मध्ये उघडलं, कायदे धडाधड पास होतायत पण ते राबवायला माणसं, पैसा, तपासणी यंत्रणा कुठंय तेच कळत नाही. प्लेव्हल्याचं कोळशाचं वीजकेंद्र बघा ना, जुन्या केंद्रांना प्रदूषणाच्या मर्यादेतून मिळालेल्या सवलतीत २०१८ ते २०२३ मिळून २०,००० तास चालवायची मुभा होती, ते तास २०२० संपता संपताच संपले तरी केंद्र चालूच राहिलं! मग एनर्जी कम्युनिटीने (युनियन आणि शेजारी देशांची ऊर्जा नियमांसाठीची संघटना) केस उघडली, पण सदस्य देशाला जसा कोर्टाचा दंड बसतो तसा इथे बसत नाही. आणि तिथल्या लोकांना हिवाळाभर तो धूर श्वासात घ्यावा लागतो, याचं मला खरंच फार वाईट वाटतं.

तर प्रश्न असा की सदस्य होण्याआधी नियम पाळायला लावतं कोण? युनियनने निधी अडवून काही फरक पडतो का, की स्थानिक संस्था आणि कोर्टच जास्त कामाचे? क्रोएशिया २०१३ मध्ये आत गेला, त्याच्याशी तुलना करावी का? कोणी यावर काम केलं असेल तर प्लीज सांगा, इंग्रजी वाचनही चालेल.