मदत हवी आहे: जुन्या गार्डन ट्रॅक्टरच्या हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनमध्ये कोणते तेल घालावे?

गुहागरजवळच्या आमच्या आंबा-नारळाच्या बागेत गवत कापण्यासाठी एक जुना हायड्रोस्टॅटिक (पंपाने दाबलेल्या तेलावर मोटर फिरवून चाकांना गती देणारा) गार्डन ट्रॅक्टर आहे. त्याची पुस्तिका उपलब्ध नाही आणि खाऱ्या हवेने गंजलेली माहितीपट्टी वाचता येत नाही. थंड असताना तो चढ सहज चढतो. मात्र बराच वेळ चालून तेल तापले की जांभ्याच्या उतारावर त्याची ओढ स्पष्टपणे कमी होते. तेल दुधाळ दिसत असल्याने त्यात पावसाळ्यात पाणी शिरले असावे, आणि ते बदलणे आता टाळता येणार नाही.

काही जुन्या ट्रान्समिशनना २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल चालते, तर गिअर, ओले (तेलात बुडालेले) ब्रेक आणि हायड्रॉलिक्स एकाच तेलावर असतात तेथे यूटीएफ (ट्रॅक्टरचे सर्वोपयोगी तेल) लागते. दुकानदार एटीएफ (स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल) सुचवतात. परंतु ते पातळ असल्याने तापल्यावर पंप व मोटरमधील अंतर्गत गळती वाढेल, अशी मला रास्त भीती वाटते.

ट्रान्समिशनच्या कवचावर कोरलेल्या क्रमांकावरून योग्य तेल कसे ओळखावे? उरलेले पाणी काढण्यासाठी नवे तेल थोडे चालवून पुन्हा बदलावे का, आणि दोन्ही वेळी फिल्टर नवा बसवावा का? मागची चाके उचलून, बायपास (पंप-मोटरमधील तेलाला मोकळी वाट देणारा व्हॉल्व्ह) उघडा ठेवून पेडल सावकाश पुढे-मागे करत हवा काढण्याची पद्धत मी वाचली आहे. ज्यांनी ती प्रत्यक्ष वापरली आहे त्यांनी कृपया तपशील सांगावा.