उंडेलाचं बायोडिझेल करायला गेलो, सगळा खरवस झाला. कुठे चुकलं?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. गुहागरकडे आमची वाडी आहे. खाडीच्या अंगाला उंडीची सातेक जुनी झाडं आहेत. आजोबांच्या वेळी उंडेल, म्हणजे उंडीच्या बियांचं तेल, दिव्याला आणि होडीला लागायचं, आता बिया कुणी विचारत नाही. वटवाघळं वरचा गर खाऊन बिया एकाच जागी ढिगाने टाकतात, त्यामुळे गोळा करायलाही फार वणवण नाही.

गेल्या वर्षी एक गोण भरून माळ्यावर टाकली होती. कवचासकट साधारण 40 किलो. पावसाळा संपल्यावर फोडली, आतला गर घाण्यावर नेला, 9 लिटर तेल मिळालं. काळपट हिरवं, जाड, वासाला उग्र. पाणी खेचायला 5 एचपीचं जुनं लिस्टर इंजिन आहे, ते यावर चालवायचा बेत.

व्हिडिओ बघून कृती लिहून घेतली. 1 लिटर तेल, 200 मिली मिथेनॉल, 5 ग्रॅम कॉस्टिक सोडा, 60 अंशावर तासभर ढवळायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी खाली तपकिरी ग्लिसरीन आणि वर पिवळं बायोडिझेल दिसायला हवं होतं. माझ्याकडे हिरवा खरवस. चमचा उभा राहतो त्यात. थर वगैरे काही नाही. सोड्याचं मिश्रण ओतलं तेव्हा टोपात बुडबुडे आले आणि टोप आतून काळा पडला, ते वेगळंच. आई म्हणाली, "दुधाचा टोप होता तो."

प्रश्न तीन. हे असं का झालं? उरलेलं 8 लिटर तेल वाचवता येईल का? आणि हा सगळा खटाटोप न करता उंडेल सरळ डिझेलमध्ये मिसळून घातलं तर?

रसायनवाला

पहिल्यांदा टोपाचं. ॲल्युमिनियमचा होता ना? कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन वायू सोडतो, ते बुडबुडे त्याचेच. शेजारी मिथेनॉलची वाफ आणि खाली शेगडी. नशीब समजा. स्टील वापरा, शेगडीऐवजी गरम पाण्याच्या घमेल्यात भांडं ठेवा, आणि हे काम घरात नाही, अंगणात.

आता खरवसाचं. तो साबण आहे. तेल जुनं किंवा दमट बियांचं असलं की त्यातली मेदाम्लं सुटी होतात. सोडा आधी त्यांच्याशी साबण करतो आणि मग जो उरेल तो बायोडिझेलच्या कामाला येतो. तुमच्या बाबतीत उरलाच नसणार. व्हिडिओतल्या माणसाने ताजं सोयाबीन किंवा सूर्यफूल तेल घेतलं असेल, त्याला 5 ग्रॅम पुरतात.

कृती शोधण्याआधी तेलाची आम्लता मोजा. 1 लिटर शुद्ध पाण्यात 1 ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवा. 1 मिली तेल 10 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे (आम्ल संपलं की गुलाबी होणारं द्रव्य) दोन थेंब टाका. मग सोड्याचं पाणी सिरिंजने थेंब थेंब सोडा. गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा आणि किती मिली लागलं ते लिहा. साधारण हिशेब असा की प्रत्येक मिलीमागे पाऊण टक्क्याहून किंचित जास्त सुटं मेदाम्ल.

खाडीकाठ

टोप ॲल्युमिनियमचाच. नवीन आणून दिला आईला.

एक अडचण. तेलच हिरवं, त्यात गुलाबी काही नीट कळत नाही. आणि फिनॉल्फ्थॅलीन इथे मिळणार कुठे?

रसायनवाला

हळद. चुना लागला की हळदीचं कुंकू होतं, तेच इथे. चिमूटभर हळद त्याच अल्कोहोलमध्ये भिजवून गाळून घ्या, तिचे चार थेंब टाका. पिवळ्याचं तांबूस झालं की आकडा घ्या. शेजारी सोडा न टाकलेला नमुना ठेवून पांढऱ्या कागदावर बघा, फरक लगेच दिसतो.

बोनेट_उघडा

तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, पंपसेट दुरुस्तीत आयुष्य गेलंय.

सरळ तेल घातलं तर इंजिन चालू होईल, आणि तिथेच लोक फसतात. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चाललं होतं, त्यामुळे चालतं की नाही हा प्रश्नच नाही. कर्नाटकात करंजाला होंगे म्हणतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या उडुपी श्रीनिवास यांनी तिथल्या गावात होंगे तेलावर थेट जनरेटर चालवून दाखवले. पण अशा तेलाची दाटी डिझेलच्या दहापट-पंधरापट. नोझल फवारा मारण्याऐवजी पिचकारी मारतो. अर्धवट जळालेलं तेल नोझलच्या टोकाला कोळशासारखं बसतं, रिंगा चिकटतात, आणि न जळालेलं खाली उतरून इंजिन ऑइलचा चिकट गोळा करतं. लिस्टरसारखं मंद इंजिन बरंच सोसतं, नवीन कॉमन रेल (खूप दाबाने इंधन फवारणारं) इंजिन असेल तर विचारसुद्धा करू नका. तरीही तुमचं उंडेल राळेसकट घालू नका. करायचंच तर गाळलेलं करंजेल आधी गरम करून, आणि चालू-बंद नेहमी साध्या डिझेलवर.

बायोडिझेल झालं तरी पहिले काही दिवस फिल्टर जवळ ठेवा. टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा गाळ ते सोडवून आणतं आणि मग लोक म्हणतात इंधन वाईट. जुने रबरी पाइप फुगतात, तेही बघा.

खाडीकाठ

हळदीचा प्रयोग जमला! तीनदा केला. 27, 28, 27 मिली. आकडा ऐकून हसू नका.

रसायनवाला

हसत नाही, उंडीला हे नवल नाही. 27 म्हणजे सुमारे 21 टक्के सुटी मेदाम्लं. गणित बघा. नुसती आम्लं मारायलाच लिटरमागे 27 ग्रॅम सोडा हवा, तुम्ही घातलात 5. बरं, 27 अधिक ताज्या तेलालाही लागतातच ते मूळचे साडेतीन, असे साडेतीस ग्रॅम घातले असते तरी तेलाचा पाचवा हिस्सा साबण होऊन उरलेलंही त्यात अडकलं असतं. प्रमाण वाढवून हे सुटत नाही.

यावर उपाय म्हणजे उलट बाजूने सुरुवात. आधी तेल गरम करून किंचित फॉस्फोरिक आम्ल आणि गरम पाण्याने डिंक-राळ खाली बसवायची. मग तेल 110 अंशापर्यंत तापवून पाणी घालवायचं. थंड झाल्यावर मिथेनॉल आणि 1 टक्का गंधकाम्ल घालून 60 अंशाला दोन तास. यात सुट्या आम्लांचंच बायोडिझेल होतं. पण त्यात पाणीही तयार होतं, तुमच्या तेलात लिटरमागे जवळपास 12 ग्रॅम, आणि ते पाणीच पुढची क्रिया अडवतं. म्हणून थर बसू द्यायचा, वरचं पाणी-मिथेनॉल काढायचं आणि हेच पुन्हा करायचं. आकडा 3 मिलीच्या खाली आला की मग नेहमीची सोड्याची पायरी. मिथेनॉल दुपटी-तिपटीने लागतं, परत मिळवायची सोय नसेल तर डिझेल स्वस्त पडेल. 8 लिटरसाठी मी हे करणार नाही. दिव्याला वापरा.

पेठेतली_ताई

मिथेनॉलबद्दल कुणी बोलतच नाही म्हणून लिहिते. मुंबईतल्या मालवणीत जून 2015 मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ते मिथेनॉलच होतं. ते त्वचेतूनही जातं, डोळे कायमचे जातात, आणि त्याची ज्योत दिवसा दिसत नाही. ते विषकायद्याखाली येतं, बाळगायला परवाना लागतो. "ओळखीतून" आणू नका. बाटलीवर ठळक लिहा आणि पाण्याच्या बाटलीत तर कधीच नको.

खाडीकाठ

ताई, पटलं. रीतसर अर्ज केला, त्यातच दोन महिने गेले. म्हणून उत्तराला उशीर.

मधल्या काळात बियांवर लक्ष दिलं. या वेळी उंडी माळ्यावर टाकलीच नाही. लगेच फोडून आतला पांढरट गर पडवीत चाळणीवर पसरला. तीन आठवड्यांत तो तपकिरी आणि चिकट झाला, तसाच घाण्यावर. आकडा 13. म्हणजे आम्लता निम्म्यावर, झाड तेच, घाणा तोच. गोणपाटातला पावसाळा नडला होता तर.

आणि चिपळूणच्या मामेभावाकडून करंजाच्या बिया आणल्या, यंदाच्याच, खडखडीत वाळलेल्या. साधारण 4 किलोला लिटरभर करंजेल निघालं. आकडा 3. पेंड माडांना घातली.

रसायनवाला

13 ला अजूनही आम्लाची पायरी लागेल, तो नाद तूर्त सोडा. करंजेल घ्या. 3.5 अधिक 3, म्हणजे लिटरला साडेसहा ग्रॅम सोडा, 220 मिली मिथेनॉल. सोडा मिथेनॉलमध्ये पूर्ण विरघळल्याशिवाय तेलात ओतायचं नाही. 60 अंश पुरे, 65 च्या आसपास मिथेनॉल उकळायलाच लागतं.

खाडीकाठ

झालं! स्टीलचा डबा, अंगणात, घमेल्यातल्या गरम पाण्यात. वीस मिनिटांतच रंग फिरला आणि ढवळणं एकदम हलकं झालं. रात्री बाटलीत ओतून ठेवलं. सकाळी खाली काकवीसारखा थर, वर मधासारखं. खालचा काढून कोमट पाण्याने तीनदा हलकेच धुतलं, पहिलं पाणी दुधासारखं, तिसरं जवळजवळ स्वच्छ. मग पाणी उडेपर्यंत तापवलं. हातात 880 मिली.

कुठेतरी वाचलं म्हणून 3 मिली बायोडिझेल 27 मिली मिथेनॉलमध्ये टाकून हलवलं. बहुतेक विरघळलं, पण तळाला मोहरीएवढा थेंब राहिला. तो जात नाही. लिस्टरला 20 टक्के मिसळून घालू, की थांबू?

रसायनवाला

थेंब म्हणजे न बदललेलं तेल. मोहरीएवढा असेल तर थोडक्यात राहिलंय. त्याच बायोडिझेलला लिटरला 50 मिली मिथेनॉल आणि 1 ग्रॅम सोडा या हिशेबाने आणखी एकदा फिरवा, पुन्हा धुवा, पुन्हा चाचणी. विकायचं असतं तर आयएस 15607 या बायोडिझेलच्या भारतीय मानकाची पूर्ण तपासणी लागली असती, स्वतःच्या पंपाला ही चाचणी चालेल.

बोनेट_उघडा

आणि 20 नको, 10 पासून. एक तास चालवा, नोझल काढून फोटो टाका.

खाडीकाठ

रविवारी करतो. आई विचारतेय, ती मधासारखी बाटली फ्रिजजवळ कुणी ठेवली. उचलतो आधी.