हिवाळ्यात घरून चित्रकाम: टेबल दक्षिणेच्या खिडकीशी न्यावे का?

ओलाकागद (पुणे)

मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी जलरंगांत चित्रे काढते आणि गेली ६ वर्षे घरूनच काम करते. दिवाळी अंकांची धावपळ दसऱ्यापर्यंत आटोपते आणि त्यानंतर उन्हाळी सुट्टीत येणाऱ्या पुस्तकांचे काम हाती येते, त्यामुळे मार्गशीर्ष ते माघ हे माझे सर्वांत कामाचे आणि खरे सांगायचे तर सर्वांत आवडते दिवस असतात.

माझे टेबल मागच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीशी आहे. तेथे खाली शहाबादी फरशी असल्यामुळे डिसेंबरात सकाळी दहापर्यंत बोटे नीट वळत नाहीत. म्हणून गेल्या हिवाळ्यात मी टेबल पुढच्या खोलीत दक्षिणेच्या खिडकीशी नेले. पाठीवर ऊन, मांडीवर आजीची गोधडी आणि स्वयंपाकघरातून येणारा तीळ भाजल्याचा वास, असे सुख मला कामात कधी मिळाले नव्हते. मात्र तेथे रंगवलेली १२ पाने प्रकाशकांच्या टेबलावर मांडली तेव्हा ती सगळीच काळवंडलेली दिसली आणि त्यांतली ५ मला पुन्हा करावी लागली. शिवाय आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, पुरा होण्याआधीच वाळून त्याला कडा पडत होत्या, आणि एका पानावर तर पावलीएवढे ३-४ ठिपके असे राहिले की तेथे रंग धरेचना.

यंदा थंड खोलीत परत जावे, की उन्हात बसूनही नीट काम करण्याची काही रीत आहे?

रेघोट्या (नाशिक)

पाने काळवंडली याचे कारण तुमचा हात नसून ऊन आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास पुण्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत बरेच आतपर्यंत येते आणि नेमके कागदावर पडते. पांढरा कागद उन्हात झगमगतो, डोळ्याची बाहुली आकसते, आणि ताटलीत कालवलेला रंग आहे त्यापेक्षा फिका भासू लागतो. मग आपण नकळत तो दाट करत जातो. तेच पान सावलीत आणले की त्याचे खरे रूप दिसते.

उत्तरेच्या खिडकीत मे ते जुलै या काळात थोडे ऊन येते, कारण तेव्हा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. हिवाळ्यात मात्र तेथे दिवसभर एकसारखा, सावल्या न हलवणारा प्रकाश मिळतो. तेव्हा रंगकामाचे टेबल मागेच न्यावे आणि दक्षिणेची खिडकी कच्च्या रेखाटनांसाठी, पानांची मांडणी ठरवण्यासाठी आणि संहिता वाचण्यासाठी ठेवावी, असे मी सुचवेन. कोणते चित्र कोणत्या पानावर येणार हे ठरवण्यात माझे निम्मे आठवडे जातात, आणि त्या कामाला पेन्सिल आणि ऊब एवढेच पुरते.

संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली रंग लावणेही टाळावे. त्या उजेडात कागदच पिवळसर दिसतो, त्यामुळे पिवळा रंग लागला की नाही तेच कळत नाही. मी एकदा मोहरीचे शेत रात्री बसून रंगवले आणि सकाळी पाहिले तर ते हळदीत बुडवून काढल्यासारखे दिसत होते. तेव्हापासून रंग दहा ते चार आणि सहानंतर फक्त शाई, असा नेम मी ठेवला आहे. शाईच्या रेषेला दिव्याचा रंग बाधत नाही. (व्यंगचित्रकार वसंत सरवटे यांनी स्थापत्य अभियंत्याची नोकरी सांभाळून रेषेचे केवढे काम उभे केले, हे आठवले की माझी वेळ मिळत नसल्याची तक्रार बंद होते.)

गोंदाचीबाटली (कोल्हापूर)

प्रकाशाविषयी वर उत्तम लिहिले आहे, मी ठिपक्यांविषयी विचारते. त्या दिवशी हाताला काही लावले होते का? थंडीत कातडी फुटते, आपण खोबरेल तेल चोळतो, हात पुसून कामाला बसतो आणि तळहाताची कड कागदावर टेकते. पेन्सिलीचे काम चालू असताना काहीच दिसत नाही, पण वॉश दिला की तेवढ्याच जागी पाणी फाकते. तो डाग खोडरबराने जात नाही. तेल रात्री झोपताना लावावे, सकाळी हात साबणाने धुवावेत आणि तळहाताखाली सदैव एक कोरा कागद ठेवावा.

वॉश वाळण्याचे कारण म्हणजे हिवाळ्यातली दुपारची कोरडी हवा, आणि त्यात तुम्ही थेट उन्हात बसलात. सावलीत बसल्यावर निम्मी अडचण आपोआप दूर होईल. उरलेल्या निम्मीसाठी मोठा वॉश देण्याआधी कागद दोन्ही बाजूंनी ओला करावा आणि पेलाभर पाण्यात ग्लिसरीनचे २-३ थेंब टाकावेत. त्याहून अधिक टाकू नयेत, कारण रंग चिकट राहतो आणि पावसाळ्यात ओल धरतो. कागद पाटावर चिकटपट्टीने ताणत असाल तर तोही उन्हात ठेवू नका. एक बाजू आधी वाळून आकसते आणि पट्टी सुटते. रात्रभर आडवा ठेवलेला कागद सकाळी ढोलकीसारखा ताठ मिळतो.

ओलाकागद (पुणे)

खोबरेल तेलच होते! थंडीने गोठलेली बाटली उन्हात ठेवून, ते वितळवून, मी कामाला बसण्याआधी रोज हातांना लावत असे.

मळेवाला (निफाड)

आमच्याकडे पारा फार खाली गेला की द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवतात. तुम्हीही मागच्या खोलीत टेबलाखाली कोळशाची लहान शेगडी ठेवून पाहा, बोटे लगेच वळू लागतील.

बर्फाळखिडकी (टोरांटो)

शेगडीचा सल्ला कृपा करून मानू नका. शेकोटी बागेत उघड्यावर असते. दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि चित्रात गढलेल्या माणसाला येणारी गुंगी थकव्याची वाटते.

इथे डिसेंबरात दिवस जेमतेम ९ तासांचा असतो आणि पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो, म्हणून केवळ खिडकीच्या भरवशावर मला राहता येत नाही. मी ५००० केल्व्हिनचा, म्हणजे दिवसासारखा पांढरा उजेड देणारा, रंग अचूक दाखवण्याचा निर्देशांक ९५ असलेला दिवा घेतला आहे. पुण्यात ११ तासांचा दिवस असताना तुम्हाला एवढ्या खटाटोपाची गरज बहुधा पडणार नाही. घर तापवण्याच्या यंत्रणेमुळे इथली हवा इतकी कोरडी होते की वड्यांच्या रंगांना भेगा पडतात, आणि त्यावरूनच मी शिकले की सगळी खोली तापवण्यापेक्षा आपल्यापुरती ऊब करावी. पायाखाली जाड घोंगडी, मांडीवर गरम पाण्याची पिशवी आणि बोटे मोकळी ठेवणारे हातमोजे, एवढ्यावर माझे भागते. शहाबादी फरशीवर घोंगडीचा फरक तर पहिल्याच दिवशी जाणवेल.

ओलाकागद (पुणे)

सर्वांचे आभार. गेले ३ आठवडे टेबल पुन्हा मागच्या खोलीत आहे. माळ्यावरची घोंगडी चौघडी करून पायाखाली घातली आणि हीटर एकदाही लावला नाही. सकाळी दहापर्यंत मी दक्षिणेच्या खिडकीत गोधडी घेऊन रेखाटने करते, त्यानंतर हात धुऊन मागे जाते आणि चारला कुंचले धुते. ८ पाने झाली आहेत, आणि ती मी पुढच्या खोलीत, अंगणात आणि जिन्यातल्या ट्यूबखाली नेऊन पाहिली. अंगणातल्या उन्हात जरा फिकी वाटली, बाकी दोन्हीकडे ठीक दिसतात.

ग्लिसरीनचे प्रमाण मात्र अजून साधलेले नाही. पहिल्या दिवशी मी ५ थेंब टाकले, आणि त्या पानावरचा हत्ती हाताला अजूनही चिकट लागतो. त्याला पुसटसे पाणी फिरवून वाचवता येईल, की नव्या कागदावरच काढावा?

गोंदाचीबाटली (कोल्हापूर)

नव्या कागदावरच काढा. पाणी फिरवलेत तर हत्तीच्या आधी त्याच्या पाठीवरची झूल विरघळेल.