डीटीपीवाल्यांनी आता तरी जुने फॉन्ट सोडावे का? मी म्हणतो सोडायलाच पाहिजे

खटपट्या_नंदनवन

राजे हो, विषय थोडा टेक्निकल वाटेल पण नागपुरात ज्यानं कोणी कधी स्मरणिका, पुस्तक, अहवाल छापून घेतला त्या प्रत्येकाचा आहे. आमच्या वाचनालयाच्या जुन्या स्मरणिका मी नेटवर टाकून राहिलो. डीटीपीवाल्या (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणाऱ्या) काकांनी सीडी जपून ठेवली होती, मागितल्याबरोबर काढून दिली, त्यांचे उपकारच. फाइल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं, मग क्रुतिदेव फॉन्ट टाकला तेव्हा कुठे मराठी दिसली.

पण ते मराठी फक्त डोळ्यांपुरतं. फाइलमध्ये जिथे 'मराठी' दिसतं तिथे मशीनजवळ साठवलेलं आहे ई, जे, के, मोठा बी आणि एच. बस, ही पाच इंग्रजी अक्षरं, वरून फॉन्टनं मराठीचे आकार चढवलेले. शोधलं तर सापडत नाही, मोबाइलवर पाठवलं तर वाचता येत नाही, स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध वाचकाला तर त्यात निरर्थक इंग्रजी अक्षरंच ऐकू येतील.

मग कन्व्हर्टर आला, म्हणजे हा जुना मजकूर युनिकोडमध्ये, जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरलेला नंबर देणाऱ्या पद्धतीत, बदलणारा प्रोग्रॅम. जो वापरावा तो वेगळीच मोडतोड करते. कारण सांगतो. क्रुतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये बरोबर उलटं. 'धर्म' मध्ये क्रम असते ध, म, रफार. युनिकोडला पाहिजे ध, र्, म. म्हणजे कन्व्हर्टरनं रफार उचलून मागे नेऊन बसवायचा, आणि 'वर्षांनी' सारखा शब्द आला की काना अनुस्वार ओलांडून न्यायचा, तिथे भलताच जाऊन बसते. 'परिस्थिती' मधली वेलांटी अख्ख्या स्थ ला ओलांडून गेली पाहिजे, ती स् नंतरच थांबते. वरून परिच्छेदात एखादा ईमेल पत्ता इंग्रजीत असला तर कन्व्हर्टर त्याचीही मराठी करून टाकते, कारण साधा मजकूर काढला की कोणता तुकडा कोणत्या फॉन्टमध्ये होता ही माहितीच उडून जाते. शेवटी पायथनमध्ये माझा मीच एक लिहायला घेतला, रोज रात्री एक नवीन शब्द त्याला फसवते.

आणि युनिकोड काही काल आलं नाही ना भाऊ. पहिली आवृत्ती १९९१ ची. देवनागरीला त्यात १२८ जागांचा ब्लॉक आहे, आणि तो आपल्याच देशात ठरलेल्या १९८८ च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या कोडवरून बेतलेला आहे. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसकट आयतं मिळत होतं. तरी आजही आपल्याकडे नवीन पुस्तकं जुन्या फॉन्टमध्ये टाइप होऊन राहिली, याचा मला मनापासून त्रास होते. माझं म्हणणं एकच आहे, ग्राहकानं ऑर्डर देतानाच युनिकोड फाइल मागावी आणि जो देणार नाही त्याला काम देऊ नये.

छपाई_महाल

भाऊ, फॉन्टचं तुम्ही सांगितलं ते सगळं मान्य. पण 'काम देऊ नये' हे काऊन म्हणता?

आमच्या दुकानात बसणारी माणसं रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळांच्या मांडणीवर टाइप करतात, मॅन्युअल टाइपरायटरपासून बोटं बसलेली आहेत, कीबोर्डकडे बघत नाहीत. पेजमेकर ७ वर काम चालते, पानं लावायचं हे सॉफ्टवेअर २००१ चं आहे, त्याच्यानंतर मोठी आवृत्ती आलीच नाही, मला माहीत आहे. पण ते एकदा घेतलं की आपलं झालं. आजचं जे सॉफ्टवेअर आहे त्याचं दर महिन्याला भाडं भरा, त्याला चालवायला नवीन मशीन घ्या, इंटरनेट ठेवा. लग्नाचा सीझन सोडला तर दुकानाचा गल्ला किती असते हे तुम्ही येऊन पाहा एकदा.

आणि युनिकोड आम्ही करून पाहिलं नाही असं समजू नका. इनडिझाइनमध्ये, म्हणजे पानं लावायच्या आजच्या सॉफ्टवेअरमध्ये, मजकूर पेस्ट केला, वेलांटी अक्षराच्या मागे, जोडाक्षरं फुटलेली, सगळीकडे पाय मोडलेले दिसून राहिले. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या व्हर्जनमध्ये तेच. गिऱ्हाईक संध्याकाळी मजकूर देते, सकाळी प्लेट पाहिजे म्हणते. त्या वेळेला मला छपाई बरोबर आली पाहिजे, वीस वर्षांनी कोणाला शोधता येईल की नाही हे नाही पाहू शकत. कागदावर आमचं मराठी आजपर्यंत कधी फुटलं नाही.

खटपट्या_नंदनवन

काका, तुमचा राग बरोबर आहे. ऑपरेटरची बोटं हा काही लहान मुद्दा नाही. पण रेमिंग्टन सोडावं लागतच नाही, तोच लेआउट युनिकोड टाइप करायलाही मिळते, कळ तीच दाबायची, आत साठवण वेगळी होते. एकदोन ठिकाणी सवय बदलावी लागेल तेवढी.

इनडिझाइनमध्ये जे फुटते ते सेटिंगमुळे. पॅराग्राफच्या कंपोझरमध्ये 'वर्ल्ड-रेडी' निवडलं नाही तर देवनागरी अशीच येते, निवडलं की वेलांटी जागेवर. हे त्या कंपनीनं इतकं आत दडवून ठेवलं आहे की माणसाला वाटते युनिकोडच खराब. मला राग येते तो याचा, सोय असून वापरणाऱ्यापर्यंत पोचत नाही. भाड्याचं म्हणाल तर स्क्रायबस हे पानं लावायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, २०२४ च्या १.६ आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरं नीट बसतात. पत्रिकेसाठी मुक्ता, बालू, यात्रा वन असे मोकळ्या लायसन्सचे फॉन्ट आहेत.

शुद्धलेखन_धंतोली

मी मुद्रितशोधन करते, दोघांनाही थोडं अडवते.

खटपट्या दादा, युनिकोड केलं म्हणजे शोधता येते हे अर्धंच खरं आहे. आपला 'ऱ्य' घ्या. एक जण ऱ ला हलन्त जोडून लिहितो, दुसरा साध्या र्‍ च्या पुढे न दिसणारा जॉइनर टाकतो. पानावर दोन्ही एकसारखे दिसतात, पण मशीनला दोन वेगळे शब्द. 'दुसऱ्या' शोधलं तर अर्धे सापडतात. ज्याला यातलं काहीच माहीत नाही तो सरळ 'दुसर्या' करून मोकळा होतो, आणि हिंदीसाठी बनवलेले कन्व्हर्टर तर हमखास करतात. 'आचाऱ्यांना जेवणाची ऑर्डर दिली' याचं 'आचार्यांना' झालेलं मी स्वतः प्रुफात काढलं आहे. ल आणि श चंही तसंच, पुष्कळ फॉन्ट हिंदी वळण देतात, फॉन्टमध्ये मराठी वळण असलं तरी सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडल्याशिवाय वर येत नाही, आणि हे कोणी निवडत नाही.

पीडीएफचं तर विचारूच नका. युनिकोडमध्ये बनवलेल्या पीडीएफमधूनही मजकूर कॉपी करा, कितीदा तुकडे तुकडे होऊन येते. त्यामुळे नुसती पीडीएफ घेऊन समाधान मानू नका, मूळ टेक्स्ट मागा.

आणि महालचे दादा, कागदावर फुटत नाही म्हणता, पण लेखकाला दुसरी आवृत्ती काढायची असली की सगळं पुस्तक पुन्हा टाइप करावं लागते, पुन्हा नव्या चुका, पुन्हा पहिल्यापासून प्रूफ. ते पैसे लेखक भरतो. मी हे सारखं पाहून राहिले.

आयटीपार्क_परसोडी

एवढं कशाला करत बसता बे, छापील पान स्कॅन करा आणि ओसीआर मारा, फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करून देते. टेसरॅक्ट नावाच्या ओसीआरमध्ये मराठी आहे, फुकट आहे. नवीन एआयवाले तर अजून चांगलं वाचतात. फॉन्टच्या भानगडीत पडायचं कामच नाही.

खटपट्या_नंदनवन

छापील पानच उरलं असेल तिथे ओसीआरच, दुसरा उपाय नाही. पण इथे माणसानं एकेक अक्षर टाइप केलेलं आहे, प्रूफ झालेलं आहे, ते फेकून फोटोवरून पुन्हा अंदाज लावायचा? कन्व्हर्टरची चूक तरी ठरलेल्या जागी होते, एकदा नियम सापडला की सगळीकडे सुधारते. ओसीआरमध्ये घ चा ध आणि भ चा म कुठे झाला हे ओळीओळीनं वाचल्याशिवाय समजत नाही, आणि एआय तर अडलेल्या ठिकाणी स्वतःच्या मनानं शब्द घालून मोकळं होते. देणगीदारांच्या यादीत आडनाव बदललं तर कसं चालेल?

टायपिंग_वर्ग_सक्करदरा

आमच्याकडे पोरंपोरी मराठी ३० आणि ४० (मिनिटाला इतके शब्द) च्या परीक्षेला बसतात. रेमिंग्टनवर स्पीड पकडायला महिने जातात, त्यानंतर दुकानात लागली की जे सॉफ्टवेअर तिथे असेल तेच शिकतात. मालकानं युनिकोड ठेवलं तर पोरगी त्याच्यावर करेल, तिला फरक पडत नाही. अडते ते मालकाशी. नवीन पोट्ट्यांवर खापर फोडू नका एवढंच.

छपाई_महाल

ताईंचं पुन्हा टाइप करण्याचं पटलं. तसे लेखक आमच्याकडेही येतात, आणि आम्ही पुन्हा टाइपिंगचे पैसे लावतो हे खरं आहे.

पण मग व्यवहारानं बोलू. पत्रिका, बॅनर, पावतीबुकं जुन्यातच राहतील, ते कोणाला शोधायचं नाही. पुस्तक आणि स्मरणिका युनिकोडमध्ये करून पाहायला मी तयार आहे. पण पानं लावायला वेळ जास्त लागेल तर दर जास्त लागेल, गिऱ्हाइकानं तेव्हा 'बाजूवाला कमीत करते' म्हणायचं नाही. आणि जुन्या फाइल कन्व्हर्ट करून दिल्या तर त्याचं प्रूफ कोणी वाचायचं हे आधी ठरलं पाहिजे, चूक निघाली की सगळे आमच्यावरच येतात.

खटपट्या_नंदनवन

दर जास्त घ्या काका, पुस्तकापुरतं तरी मला मान्य आहे. 'काम देऊ नये' मात्र मी पुस्तकांसाठी मागे घेणार नाही, ग्राहकानं मागितल्याशिवाय हे होत नाही. पत्रिकांचं तुमचं तुम्ही पाहा.

तुमच्याजवळ जुन्या स्मरणिकांच्या फाइल असतील तर मला पेजमेकरच्या मूळ फाइल द्या, नुसता मजकूर नको, म्हणजे फॉन्टची नावं सोबत राहतील आणि इंग्रजी तुकडे वेगळे काढता येतील. शुद्धलेखन ताई, ऱ्य चे दोन्ही प्रकार एकच करायचा नियम मी आज टाकतो, अजून असे कोणते शब्द फसतात ते इथेच लिहा.

शुद्धलेखन_धंतोली

'तऱ्हा', 'वऱ्हाड', 'कुऱ्हाड' आधी तपासा, तिथे य नाही, ह आहे. बाकीचे रात्री लिहिते.