मदत हवी आहे: कोल्ड स्टोरेजमधला चिपसोना बटाटा तळल्यावर काळा पडतोय, आरणीतला पांढरा राहतोय

नमस्कार मंडळी. आम्ही आंबेगाव तालुक्यातले, रब्बीला बटाटा करतो. यंदा वेफर्ससाठीची जात कुफरी चिपसोना-१ होती. फेब्रुवारीअखेर काढणी झाली, भाव पडलेला, म्हणून ४० कट्टे आंब्याखाली आरण (सावलीत झाकून ठेवलेला बटाट्याचा ढीग) लावून ठेवले आणि ६० कट्टे कोल्ड स्टोरेजला टाकले. परवा वेफर्सचा व्यापारी आला, नमुना कापून तळला आणि ६०च्या ६० कट्टे नाकारून गेला.

आईने घरी एकाच कढईत दोन्ही तळून पाहिले. आरणीतल्या चकत्या पांढऱ्या-पिवळसर, कोल्डच्या काकवीच्या रंगाच्या, कडेला जळाल्यासारख्या आणि कडवट. मग मेडिकलमधून लघवीतली साखर तपासायच्या पट्ट्या आणून कापलेल्या बटाट्यावर दाबल्या. आरणीतल्यावर रंग जेमतेम बदलला, कोल्डच्या बटाट्यावर लगेच गडद झाला. बेणं एक, वावर एक, आणि हा फरक!

वाचून एवढं कळलं की थंडीत स्टार्चची साखर होते, इन्व्हर्टेज नावाचं विकर तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं आणि तळताना तीच अमिनो आम्लांबरोबर काळी पडते. वेफर्सचा माल १० ते १२ अंशांवर ठेवतात. आमचे कट्टे बेण्याच्या खोलीत, २ ते ४ अंशांवर होते. टाकण्याआधी मी हे विचारायला हवं होतं.

१५ ते २० अंशांवर दोन-तीन आठवडे ठेवलं की साखर उतरते म्हणतात. पण आत्ता मे महिन्यात आमच्या पडवीत दिवसा ३५च्या खाली पारा येत नाही. कुणी असा माल परत पांढरा करून विकलाय का? किती दिवस लागले, कोंब किती आले?

दुसरं, जातीबद्दल. चिपसोना-१ १९९८ साली आला, साखर कमी राहावी म्हणूनच निवडलेला. तरी चार अंशांना तो टिकला नाही. चिपसोना-३, चिपसोना-४ किंवा फ्रायसोना आपल्याकडे रब्बीला कुणी केलाय का? मला आरणीत उशिरा कोंब येणारी जात हवी आहे, कारण माझ्या मते आपल्याला परवडणारी साठवण तीच.

आणि एक मनातलं. झाडांना आलेली हिरवी फळं मी सुकवून बी काढलंय. बटाट्यात गुणसूत्रांचे चार संच, म्हणजे प्रत्येक बी वेगळं निघणार आणि निवडीला दहा-बारा वर्षं जाणार, हे ठाऊक आहे. भीती दुसरीच आहे. अमेरिकेत १९६७ साली लेनापी नावाची जात वेफर्ससाठी उत्तम निघाली, पण सोलॅनिनसारखी विषारी द्रव्यं जास्त सापडली म्हणून १९७० मध्ये मागे घ्यावी लागली. गंमत म्हणजे वेफर्ससाठी गाजलेली अटलांटिक तिचीच लेक. माझ्या रोपांचे बटाटे घरात शिजवण्याआधी ही तपासणी कुठे करून मिळेल?

कट्टे शनिवारी बाहेर काढायचे आहेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याआधी मिळालं तर फार उपकार होतील.