अनुभव धागा: आपले प्राणी कान का खाजवतात?

दिवसातून एखाददुसऱ्या वेळी कान खाजवणे कुत्र्यामांजरांच्या अंगवळणीच पडलेले असते, त्यामुळे तो या धाग्याचा विषय नाही. मागचा पाय सतत कानाशी जाणे, डोके झटकण्याच्या फटफट आवाजाने रात्री घरातल्यांची झोप मोडणे, कानाला हात लावू न देणे, किंवा जवळ घेताच आंबूस वास येणे, यांपैकी काही आपल्या प्राण्याच्या बाबतीत घडले असेल, तर निदान काय झाले आणि उपाय कोणता लागू पडला, ते येथे सविस्तर लिहावे. मात्र नुसते औषधाचे नाव देऊ नये. एक कान की दोन्ही, मळाचा रंग, वास, ऋतू आणि घरातले इतर प्राणी यांचा उल्लेख अवश्य करावा, कारण एका कुत्र्याला गुण आलेले थेंब दुसऱ्याच्या फाटलेल्या पडद्यातून आत गेले तर त्याला कायमचे बहिरेपण येऊ शकते.

डोंबिवली, कॉकर स्पॅनियल

आमच्याकडे हा त्रास पावसाळ्याबरोबर येतो. लोंबत्या, केसाळ पाळ्यांखाली हवा खेळत नाही आणि त्यात जून-जुलैची दमट हवा, त्यामुळे त्वचेवर एरवीही थोड्या प्रमाणात असणारी मॅलासेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, बेसुमार वाढते. तपकिरी, तेलकट मळ आणि पाळी उलटताच नाकात शिरणारा कुबट वास ही तिची ओळखीची खूण. दोन्ही कान आतून लाल होतात आणि हाताला गरम लागतात. आमचे डॉक्टर आधी कापसाच्या काडीने थोडा मळ काचेच्या स्लाइडवर घेतात, रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि मगच औषध लिहून देतात. एकदा त्यांनी मलाही पाहू दिले, तेव्हा भुईमुगाच्या शेंगेसारख्या मध्ये आवळलेल्या जांभळ्या पेशींनी ते सगळे वर्तुळ भरलेले होते. त्यांच्या जागी जिवाणू दिसले असते तर औषध वेगळे लागले असते, आणि हा फरक बाहेरून नुसते पाहून कोणालाही खात्रीने सांगता येत नाही.

कान साफ करण्याविषयी थोडे लिहितो. कुत्र्याच्या कानाची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग आत वळते, म्हणून बड घातल्यास मळ निघण्याऐवजी त्या वळणापाशी ठासला जातो. पडदा शाबूत असल्याची डॉक्टरांकडून खात्री झाल्यावर कान धुण्याचे द्रावण नळीत सढळ हाताने सोडावे, कानाच्या मुळाशी पचपच आवाज येईपर्यंत हलके चोळावे, मग त्याला मनसोक्त डोके झटकू द्यावे आणि वर आलेला मळ कापसाने टिपून घ्यावा. हे काम बाथरूममध्येच करावे, कारण शिंतोडे छतापर्यंत जातात. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट किंवा घरातले कुठलेही तेल सुजलेल्या कानात घालू नये.

नाशिक, दोन मांजरे

पिल्लू घरी आणले तेव्हा त्याच्या दोन्ही कानांत काळपट, कोरडा, भुगा झालेला मळ होता, आणि थोड्याच दिवसांत आमची मोठी भाटीही मान वाकडी करून खाजवू लागली. निदान कानातल्या माइट्सचे, म्हणजे अगदी बारीक परजीवींचे, झाले. हे जीव एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे सहज जातात आणि त्यांचे अंड्यापासूनचे चक्र साधारण तीन आठवड्यांचे असते, त्यामुळे खाज नसलेल्या प्राण्यांसह घरातल्या सर्वांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात आणि ते मध्येच सोडता येत नाहीत. आम्हाला मानेवर लावायचे सेलामेक्टिन दिले गेले आणि त्याने काम झाले. येथे एक धोका मुद्दाम नोंदवते: एका दुकानदाराने कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध "थोडे कमी लावा" म्हणून पुढे केले होते. परमेथ्रिन मांजरांसाठी विषारी आहे. त्याने झटके येतात आणि मृत्यूही ओढवू शकतो.

सातारा, गावठी कुत्रा

पावसाळा संपून डोंगरावरचे गवत वाळले की आमच्याकडे कुसळांचे दिवस सुरू होतात. फिरून येताना अगदी ठीक असलेला कुत्रा घरी पोहोचताच ओरडू लागला, एकाच बाजूला डोके कलते करून गोल फिरू लागला आणि उजव्या कानाला कोणालाही हात लावू देईना. हा अचानकपणा आणि हा एकच कान, यावरूनच डॉक्टरांनी कुसळ ओळखले. कुसळाचे काटे उलटे असतात, त्यामुळे ते पुढे सरकते, मागे येत नाही, आणि वाट पाहिली तर पडदाही भेदू शकते. थोडी गुंगी देऊन, कानात पाहण्याच्या दिव्याखाली लांब चिमट्याने ते काढले. आता त्या दिवसांत फिरून आल्यावर कान, बगला आणि बोटांमधल्या फटी चाचपल्याशिवाय त्याला आत घेत नाही. त्याच तपासणीत पाळीच्या घडीत दडलेल्या गोचिडीही सापडतात, आणि गोचीडतापाची भीती असल्याने त्याही तेवढ्याच महत्त्वाच्या आहेत.

सॅन होजे, कॅलिफोर्निया

वरील अनुभव वाचून लिहिते. येथे याच त्रासाला फॉक्सटेल नावाचे गवत कारणीभूत होते आणि त्याचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी असतो. बाकी लक्षणे तंतोतंत तीच.

पुणे, लॅब्राडॉर

आमची गोष्ट लांबलेली आहे. थेंब घातले की कान बरा व्हायचा, थांबवले की महिन्याभरात पुन्हा तेच. बहुतेक थेंबांत स्टेरॉइड असते, त्याने खाज लवकर शमते आणि मूळ कारण तसेच राहते. दुसऱ्या डॉक्टरांनी कानाकडे पाहण्याआधी पंजे पाहिले. चाटून चाटून तिथले केस तांबूस झाले होते. त्यांच्या मते कानाचा वारंवार होणारा दाह हे बऱ्याचदा ॲलर्जीचे लक्षण असते आणि काही कुत्र्यांत तेवढे एकच लक्षण दिसते. धूळ किंवा परागकणांची ॲलर्जी की अन्नाची, हे ठरवण्यासाठी आठ आठवडे फक्त त्यांनी ठरवून दिलेला आहार द्यायचा होता. या काळात बिस्किटाचा तुकडा किंवा आजीच्या ताटातली पोळीदेखील चालत नाही, आणि खरे सांगायचे तर कुत्र्यापेक्षा आजीला आवरणे अधिक कठीण गेले. खाज थांबल्यावर चिकन पुन्हा सुरू केले आणि ती परतली, तेव्हा निदान पक्के झाले.

कोल्हापूर, कारवान हाऊंड

जोराने डोके झटकल्याने पाळीतली रक्तवाहिनी फुटून ती रक्ताने टम्म फुगली. घरी सुई टोचून रक्त काढल्यास ते पुन्हा भरते आणि जंतुसंसर्गाची भीती राहते. आमच्या कुत्र्याला टाके घालावे लागले, आणि मुळातल्या कानाच्या संसर्गावरही सोबतच औषध चालू ठेवावे लागले.

मडगाव, ससा

सशाच्या कानात पिवळट-करड्या खपल्यांचे थर दिसले तर त्या ओढून काढू नयेत. खालची त्वचा सोलवटते आणि फार दुखते. माइट्सवरचे औषध दिल्यावर त्या आपोआप गळून पडतात. कुत्र्यामांजरांच्या पिसवा-गोचिडींसाठी सर्रास वापरले जाणारे फिप्रोनिल सशाला देऊ नये.

ठाणे, दत्तक घेतलेला म्हातारा स्पॅनियल

आमच्याकडे तो आला तेव्हा वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षाने डाव्या कानाची नळी जाड होऊन जवळजवळ बंद झाली होती आणि थेंब आत उतरतच नव्हते. सीटी स्कॅननंतर संपूर्ण नळी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया झाली. चेहऱ्याच्या मज्जातंतूला इजा झाल्यास त्या बाजूची पापणी मिटत नाही, याची कल्पना डॉक्टरांनी आधीच दिली होती. सुदैवाने तसे झाले नाही. त्या बाजूने आता ऐकू जवळपास येत नाही, म्हणून रस्त्यावर साखळी सोडत नाही आणि हाक मारताना उजवीकडून मारतो. खाजवणे मात्र पूर्ण थांबले, आणि पहिल्यांदाच त्याने मुलांना डोक्यावरून हात फिरवू दिला.